गोष्टीतलं हसू शेवटी नसतं: फारसी बालकथांबद्दल विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या भाचीसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी तुम्ही तीन इराणी लोककथा इंग्रजीवरून मराठीत करून सांगितल्या (त्यांचा मजकूरही सोबत दिलाय), मुलं शहाण्यासारखी ऐकत बसली पण हसलं कोणीच नाही, आणि शेवट झाल्यावर एकीने विचारलं, "संपली?" म्हणून तुम्हाला विचारायचंय की फारसी गोष्टींमधला विनोद नक्की असतो कुठे, त्यात धक्का कसा देतात, की तो विनोद आपल्या मुलांना लागूच पडत नाही.

लागू पडतो, अगदी पडतो. मी बावीस वर्षं फारसीतून मराठीत भाषांतर करतेय, त्यातलं बरंचसं मुलांसाठी, आणि दर सुट्टीत वाचनालयात बसून त्याच गोष्टी तोंडी सांगतेही, त्यामुळे कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात हे समोर बसून बघितलंय. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. तुम्ही हसू गोष्टीच्या शेवटी शोधताय. आपल्याला चुटक्यांची सवय असते, बिरबलाच्या गोष्टींची असते, तिथे सगळा दारूगोळा शेवटच्या वाक्यात भरलेला असतो. फारसी लोककथेत शेवट बऱ्याचदा अगदी साधा असतो आणि गंमत मधल्या चालीत, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत असते. इंग्रजी पुस्तकात जागा वाचवायला त्या ओळी दोनदाच छापतात नाहीतर "असंच पुढे वाघालाही सांगितलं" म्हणून उरकून टाकतात, आणि तुमच्या हातात नुसता सांगाडा येतो. त्याला कोण हसणार.

आधी एक सांगते, सगळ्याच गोष्टींना एक नियम लागत नाही. मूल चार वर्षांचं आहे की दहा, गोष्ट तोंडी सांगताय की पुस्तक हातात देताय, लोककथा आहे की हल्लीच्या लेखकाची, यावर खूप अवलंबून आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला आवाज आणि यमक पुरतं. आठ-नऊला त्याला पात्रापेक्षा आपण जास्त हुशार आहोत हे कळलेलं आवडतं. बारा-तेराला लाज वाटण्यातला विनोद कळायला लागतो, म्हणजे स्वतःचा पोपट होणं वगैरे. मी खाली जे सांगतेय ते मुख्यतः तुमच्या वयोगटासाठी, पण मधेच मोठ्यांकडे जाईन.

सुरुवातीपासून घेऊ. फारसी गोष्ट सुरू होते "यकी बूद, यकी नबूद" अशी. म्हणजे एक होता, एक नव्हता. पुढे बरेचजण जोडतात की देवाशिवाय कोणीच नव्हतं. आता तुमच्या भाषांतरात हे "एकदा काय झालं" झालंय असं तुमच्या मजकुरावरून दिसतं. तिथेच पहिली गंमत गेली बघा. मी जेव्हा शब्दशः "एक होता, एक नव्हता" म्हणते आणि थांबते, तेव्हा दर वेळी, अगदी दर वेळी, कोणीतरी विचारतंच, "म्हणजे? होता की नव्हता?" आणि मी उत्तर देत नाही, तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणते. पहिल्याच ओळीत मुलाला कळतं की इथे जरा सावध बसायला पाहिजे, ही बाई काहीही सांगू शकते.

आणि शेवटही तसाच. "आमची गोष्ट संपली, कावळा काही घरी पोचला नाही." हा कावळा गोष्टीत कुठेच नसतो! फारसीत "सर रसीद" आणि "नरसीद" असं यमक जुळतं म्हणून तो येतो आणि दर गोष्टीच्या शेवटी बिचारा घराबाहेरच राहतो. दुसरा शेवट असा, वर गेलो तर "मास्त" होतं, खाली आलो तर "दूग" होतं, आमची गोष्ट "दोरूग" होती. मास्त म्हणजे दही, दूग म्हणजे ताक, दोरूग म्हणजे खोटं. ताक आणि खोटं यांचं यमक मराठीत कुठून आणणार, म्हणून मी बरेच महिने अडले होते, मग असं केलं:

"वर गेलो तिथे दही, खाली आलो तिथे ताक,
गोष्ट सगळी खोटी, आता झाकण झाक."

अर्थ थोडा सरकला, पण चाल टिकली, आणि मुलं दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी म्हणायला लागली. सांगणाऱ्याने स्वतःच "हे खोटं होतं" असं कबूल करणं, तेही दह्याताकाच्या भाषेत, हा मुलांना फार मोठा धक्का असतो. घरात त्यांना खोटं बोलू नको असं सांगणारी माणसंच हे करतायत ना.

आता मधली चाल. इथे तुमचं काम सोपं होणार आहे, कारण एक गोष्ट तुमच्या भाचीला आधीच पाठ असेल. फारसीत एक म्हातारी आहे, लेकीकडे निघालेली, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह भेटतात, ती प्रत्येकाला सांगते की आत्ता माझ्या अंगावर हाडंच आहेत, लेकीकडे जाते, भात-पुलाव खाते, जाडजूड होते, मग खा. आणि परत येताना भोपळ्यात बसून येते. हो, आपलीच "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक". कोण कुठून कुठे गेली यात मी शिरत नाही, पण तिकडच्या आणि आपल्या गोष्टीत एक बारीक फरक आहे आणि विनोद कसा चालतो ते त्या फरकात छान दिसतं. आपल्याकडे जनावर बहुतेक म्हातारीलाच थांब म्हणतं आणि आतून उत्तर येतं "कशाची म्हातारी न् कशाची कोतारी". फारसीत सिंह चक्क भोपळ्याला विचारतो, "कदू गेलगेलेझन, नदीदी ये पीरेझन?" म्हणजे, अरे गडगडणाऱ्या भोपळ्या, एखादी म्हातारी बघितलीस का? जंगलचा राजा रस्त्याने चाललेल्या भाजीला अदबीने पत्ता विचारतोय. आणि भोपळाही तितक्याच गंभीरपणे, शपथ घेऊन सांगतो, नाही हो बघितली, जरा ढकला मला, जाऊ द्या. सिंह ढकलतोही!

हे सांगताना मी सिंहाच्या आवाजात अजिबात मस्करी आणत नाही. सरकारी कचेरीत चौकशी करतोय असा आवाज. पहिल्यांदा मुलं नुसती बघतात. दुसऱ्यांदा बिबट्या विचारतो तेव्हा दोन-तीन हसतात. तिसऱ्यांदा लांडगा समोर आला की माझ्या तोंडातून "कदू" निघायच्या आत सगळी खोली ओरडते "गेलगेलेझन!" आणि नेमकं तिथेच गोष्ट चाल मोडते, लांडग्याला आवाज ओळखीचा वाटतो, तो ढकलत नाही. खोलीत एकदम शांतता. ही शांतता म्हणजे धक्का, आणि ती फक्त यासाठी मिळते की आधी दोनदा न कंटाळता तीच ओळ तशीच्या तशी म्हटली होती. तुमच्या मजकुरात बिबट्याचा प्रसंग एका वाक्यात आहे. मग लांडग्याने काहीही केलं तरी मुलांना काय फरक पडणार, त्यांच्या मनात चाल बसलीच नव्हती ना, मोडणार काय?

खाले सुस्केची गोष्टही तुम्ही घेतलीय, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण ती अवघडही आहे. खाले म्हणजे मावशी, सुस्क म्हणजे झुरळ किंवा भुंगेरा. तुम्ही "कीटक मावशी" केलंय, ते मला पटत नाही. "झुरळमावशी" म्हणा. मुली "ईईई" करतात, करू द्या, कारण पुढच्याच मिनिटाला ती झुरळमावशी नटूनथटून, यझद शहरची चादोर, म्हणजे बायकांचं अंगभर ओढायचं वस्त्र, घेऊन, लाल बूट घालून लग्नाला नवरा शोधायला निघते, आणि रस्त्यात कोणी "काय झुरळमावशी" म्हटलं की तिला राग येतो. ती सांगते मला असं हाक मारायचं, "खाले गेझी, चादोर यझदी, कफ्शे गेरमेझी", आता विचार कुठे चाललीस. किळस वाटलेल्या प्राण्याचा एवढा मान बघून मुलं आधी चकित होतात, मग तिच्या बाजूची होतात. "कीटक" म्हटलं की किळस नाही, मग चकितही नाही.

पुढे ती भेटेल त्या दुकानदाराला विचारते, आपलं लग्न झालं आणि भांडण झालं तर मला कशाने मारशील? खाटीक म्हणतो सत्तुराने, वाणी म्हणतो वजनाच्या मापाने, प्रत्येकाकडे आपापल्या धंद्याचं हत्यार तयार. शेवटी उंदीरमामा म्हणतो, माझ्या या मऊ मऊ शेपटीने. काही पाठांत ती पुन्हा विचारते, खरंच मारशील? तेव्हा तो म्हणतो, छे, शेपटी सुरम्यात बुडवून तुझ्या डोळ्यात घालीन.

तुम्ही हा मारण्याचा प्रश्न बदलून "मला काय भेट देशील" केलाय. का केलंत ते समजतं, आठ वर्षांच्या मुलीला हे सांगावं का हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी एक वर्ष तुमच्यासारखंच बदलून सांगत होते. पण मग गोष्ट पडते, कारण भेट देणाऱ्यांच्या रांगेत उंदीर काही वेगळा राहत नाही. धक्का आहे तो एवढ्याशा नटलेल्या मावशीने एवढा सरळ प्रश्न विचारण्यात, आणि मोठमोठ्या माणसांनी न लाजता खरं उत्तर देण्यात. हल्ली मी मूळ प्रश्नच ठेवते आणि पहिल्या उत्तरानंतर तिला "मग नको बाई" म्हणून तडक पुढे जायला लावते. मुली हसतात ते माराला नाही, तिच्या तडक निघून जाण्याला. एकदा एका मुलीने मधेच म्हटलं होतं, "बरं झालं आधीच विचारलं." हे मात्र ऐकणाऱ्या मुलांवर अवलंबून आहे. एखाद्या घरात खरोखरच मारहाण चालते हे तुम्हाला माहीत असेल तर ही गोष्ट त्या दिवशी नका सांगू, दुसऱ्या पन्नास आहेत.

आता चाल आणि यमक बाजूला ठेवून दुसरा प्रकार, जिथे मुलाला पात्राच्या आधी कळतं. शंगूल, मंगूल आणि हब्बे-ए-अंगूर ही बकरीच्या पिल्लांची गोष्ट बघा. लांडगा दोन पिल्लं खातो, तिसरं लपतं, आई घरी येते. इथवर जगभर असतं. पुढे बघा कसं आहे. आई छपरांवर चढून पाय आपटते आणि खालून लांडगा ओरडतो, कोण आहे ते धाडधाड करतंय, माझ्या आशमध्ये माती पडतेय! आश म्हणजे तिकडची डाळ-भाजी-शेवयांची खिचडीसारखी घट्ट पेज. ज्याला आपण राक्षस समजत होतो तो घरी चुलीपाशी उभा राहून पातेलं ढवळतोय आणि छपरावरून माती गळते म्हणून वैतागलाय, अगदी वरच्या मजल्यावरच्या लोकांना ओरडणाऱ्या काकांसारखा. भीती आणि हसू एकाच क्षणी येतं. मी इथे हाताने पातेलं ढवळते, बाकी काही नाही.

मग लढाई ठरते. बकरी दूध-लोणी घेऊन धारवाल्याकडे जाते, तो खूश होऊन तिची शिंगं चांगली टोकदार करून देतो. लांडगा कंजूस, तो एका पिशवीत नुसती हवा भरतो, तोंड बांधतो आणि न्हाव्याकडे घेऊन जातो की हे घ्या तुमच्यासाठी, माझे दात धारदार करा. पूर्वी दात काढायचं कामही न्हावीच करायचा, हे मुलांना आधी, गोष्ट सुरू करायच्याही आधी सांगून टाका, मधे नको. न्हावी पिशवी सोडतो, फुस्स. काही बोलत नाही. लांडग्याला म्हणतो बसा. एकेक करून सगळे दात उपटतो आणि तिथे कापसाचे बसवतो.

इथे कसं होतं, मुलांना कापूस माहीत आहे, न्हाव्याला माहीत आहे, बकरीला नाही आणि लांडग्यालाही नाही. लांडगा रुबाबात मैदानात येतो. मैदानात येण्याचा हा भाग जितका लांबवाल तितकं हसू वाढतं, मी तर त्याला वाटेत दोन-तीन जणांना दात दाखवायला लावते. तुमच्या मजकुरात न्हाव्याने दात काढले हे लढाईनंतर कळतं, "कारण त्याचे दात कापसाचे होते" असं. म्हणजे तुम्ही ते शेवटचा धक्का म्हणून राखून ठेवलंत. इंग्रजी पुस्तकात तसं असेल तर त्यांनीही चूकच केली. शेवटी कळलं तर मुलाला एक क्षण "अच्छा" वाटतं, आधी कळलं तर पाच मिनिटं हसू फुटत राहतं. आणि न्हाव्याचं न बोलणं जपा, तिथे "न्हाव्याला फार राग आला, त्याने मनात ठरवलं" असं लिहू नका. फुस्स, आणि मग "बसा". मुलांना त्या दोन शब्दांच्या मधे सगळं कळतं.

तिसरा प्रकार जुन्या मोठ्या कवींकडून आलेला. रूमीच्या मसनवी या दीर्घकाव्यात, म्हणजे तेराव्या शतकात, वाण्याच्या दुकानातला पोपट आहे. पोपटाकडून तेलाच्या बाटल्या सांडतात, वाणी रागाने डोक्यात मारतो, पोपटाचं टक्कल पडतं आणि तो बोलायचाच बंद होतो. वाणी रडकुंडीला येतो, दानधर्म करतो, काही उपयोग नाही. एक दिवस रस्त्याने तुळतुळीत टकलाचा फकीर जातो आणि पोपट इतक्या दिवसांनी तोंड उघडून ओरडतो, काय रे, तू पण तेल सांडलंस का? रूमी स्वतःच पुढे लिहितो की लोकांना हसू आलं. मग त्याचा उपदेश सुरू होतो, की संतांना आपल्यावरून मोजू नका. मुलांना सांगताना तो उपदेश सोडून द्या, गोष्ट पोपटाच्या वाक्यावर थांबवा आणि उठून पाणी प्या, खरंच सांगते, जागेवरून उठा, म्हणजे तुम्हालाच काहीतरी समजावून सांगायचा मोह होणार नाही. हा शेवटचा धक्का झाला हे खरं, पण तोही कसा उभा राहतो बघा, पोपटाचं म्हणणं पोपटाच्या बाजूने शंभर टक्के बरोबर आहे. त्याच्या अनुभवात टक्कल पडायचं एकच कारण आहे. तो विनोद करत नाहीये. फारसी गोष्टीत हसवणारं पात्र जवळजवळ कधीच विनोद करत नसतं.

त्याच मसनवीत मांसाची आणि मांजराची गोष्ट आहे. नवरा पाहुण्यांसाठी मांस आणतो, बायको खाऊन टाकते आणि सांगते मांजराने खाल्लं. नवरा तराजू आणतो, मांजर तोलतो, भरतं बरोबर मांसाइतकंच. म्हणतो, हे मांजर असेल तर मांस कुठे, आणि हे मांस असेल तर मांजर कुठे? यात एक खड्डा आहे, मी पडलेय त्यात. मुळात वजन "नीम मन" आहे, मी सरळ "अर्धा मण" लिहिलं. आपला मण पस्तीस-चाळीस किलोचा, तिकडचा अलीकडेपर्यंत चालणारा तबरेझी मन तीन किलोच्या आसपास. वीस किलोचं मांजर! मुलं त्या मांजरालाच हसत बसली आणि नवऱ्याचा प्रश्न वाहून गेला. आता मी दीड किलो म्हणते. फारसी आणि मराठीत सारखे दिसणारे शब्द शेकड्याने आहेत, त्यातले असे फसवे आधी हेरून ठेवा.

या जुन्या गोष्टी मुलांपर्यंत सोप्या गद्यात आणल्या त्या यझदच्या मेहदी आझर यझदी यांनी, आठ भागांत, कलीला व दिम्ना, मर्झबाननामा, मसनवी, गुलिस्तान अशा सगळ्या जुन्या ग्रंथांतून. ते स्वतः शाळेत गेलेले नव्हते, पुस्तकांच्या दुकानांत काम करत वाचत गेले होते. २००९ साली वारले, त्यांचा स्मृतिदिन इराणात बालसाहित्याचा दिवस म्हणून पाळतात. फारसी थोडी शिकायची तयारी असेल तर सुरुवात तिथून करा, वाक्यं सरळ आहेत.

उबैद झाकानीच्या नावावर असलेलं चौदाव्या शतकातलं "मूश ओ गोर्बे", म्हणजे उंदीर आणि मांजर, हेही मुलांच्या पुस्तकांत येतं, जरी ते मोठ्यांसाठी लिहिलेलं जहाल उपहासाचं काव्य असलं तरी. किरमानचा बोका मशिदीत जाऊन पश्चात्ताप करतो, उंदरांना आनंद होतो, ते थाळ्या भरभरून नजराणे घेऊन येतात, बोका म्हणतो या, अजून जवळ या, आणि उडी मारून पाच धरतो, दोन या पंजात, दोन त्या पंजात, एक दातात. मला यात आवडतं ते मोजणं. एवढ्या भयंकर क्षणी कवी हिशोब देतोय. मी हे बोटांवर मोजून दाखवते आणि शेवटचा, दातातला, दात आवळून म्हणते. सहा वर्षांच्या मुलांना थोडं जड जातं, तुमच्या गटाला चालेल.

आता मोठ्या मुलांकडे. हूशंग मोरादी केरमानी हे नाव लिहून ठेवा. जन्म १९४४, किरमानजवळच्या सीर्च गावचे. त्यांची "मजीदच्या गोष्टी" ही मालिका आधी रेडिओसाठी लिहिलेली, आजीबरोबर, बीबीबरोबर राहणारा गरीब घरातला मुलगा. एका गोष्टीत वर्गात निबंध असतो, लोकांची सेवा कोण करतं अशा धर्तीचा. सगळे डॉक्टर, शिक्षक लिहितात. मजीद लिहितो प्रेतं धुणाऱ्यावर, मोर्देशूरवर. त्याचं म्हणणं अगदी खरं आहे, त्या माणसाशिवाय कोणाचंच शेवटी भागत नाही. पण गुरुजी भडकतात. फारसीत "मोर्देशूर तुला नेवो" अशी शिवी आहे, त्यामुळे तो शब्द वर्गात मोठ्याने वाचला जाणं म्हणजे बॉम्बच. मराठीत हे कसं आणायचं म्हणून डोकं धरून बसले होते, आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे आज्या "मेल्या, तुझा मुडदा बशिवला" म्हणतातच की, आणि मुडदा हा शब्द फारसी मुर्दाच आहे. मी "मुडदे धुणारा" केलं. वाचनात ती ओळ आली की पाचवी-सहावीची मुलं आधी एकमेकांकडे बघतात, हसायला परवानगी आहे का ते बघायला, मग फुटतात. आणि थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, पण तो बरोबर बोलतोय ना.

त्यांचीच दुसरी, "गोड मुरंबा". जलाल नावाच्या मुलाने मुरंब्याची बरणी आणलीय आणि झाकण उघडत नाही. बस, एवढंच. आई, शेजारी, दुकानदार, शाळा, जो तो जोर लावतो, कोणालाच उघडत नाही, आणि प्रकरण वाढत वाढत कारखान्यापर्यंत जातं. ही तीच लोककथेची शिडी आहे, म्हातारी-लांडगा-बिबट्या-सिंह, फक्त लांडग्याच्या जागी शेजारी आणि सिंहाच्या जागी मॅनेजर. म्हणूनच ती एवढी आधुनिक असून आजीच्या गोष्टीसारखी लागते. आणि मोरादी केरमानींच्या विनोदाच्या तळाशी कायम काहीतरी कमी असतं, पैसे, चांगले बूट, बाप. ते लपवू नका, हसू त्यामुळेच खरं वाटतं.

धक्का म्हणजे नेहमी हसूच असं मात्र नाही. समद बेहरंगी यांचा "छोटा काळा मासा", १९६८चा, फर्शीद मेसगाली यांच्या चित्रांसह. म्हातारी मासळी बारा हजार लेकरा-नातवंडांना गोष्ट सांगते, सगळी झोपायला जातात, आणि एका छोट्या लाल मासोळीला काही झोप येत नाही. इथे मुलं हसत नाहीत, पण श्वास धरतात. आकडा बारा हजार असण्यात थोडी गंमत आहे आणि मग त्यातून एकच जागी राहण्यात धक्का. आकडा "खूप सारी" करून टाकला की दोन्ही जातं.

भाषेबद्दल दोन शब्द. फारसीत आपल्यासारखेच जोडशब्द लागतात, आपण पुस्तक-बिस्तक म्हणतो ते केताब-मेताब म्हणतात, पैसे-बिसेला पूल-मूल. हे जिथे सापडतील तिथे बिनधास्त मराठी रूप द्या. पण वाक्प्रचार सरसकट बदलू नका. धन्यवादासाठी म्हणतात "तुझा हात न दुखो" आणि उत्तर येतं "तुझं डोकं न दुखो". हे शब्दशः ठेवा, मुलं आठवडाभर एकमेकांना हेच म्हणत फिरतात. लाडाने म्हणतात "तुझं काळीज खाऊ". आजी म्हणाली तर माया, आणि गोष्टीतल्या लांडग्याने पिल्लाला दारातून हेच म्हटलं तर? मी एकदा मुलांना दोन्ही आवाजांत म्हणून दाखवलं आणि त्यानंतर तो सगळा तास त्यांनीच घेतला.

आणि हे एक बडबडगीत तर आपल्यासाठीच असल्यासारखं आहे, "अतल मतल तूतूले", हसनची गाय कशी आहे? तिला ना दूध, ना कास, आणि तिचं दूध नेलं हिंदुस्तानात! नसलेलं दूध इतक्या लांब कोण घेऊन आलं यावर माझ्याकडच्या मुलांनी एकदा अर्धा तास वाद घातला होता, एकाचं म्हणणं की म्हणूनच ते नाहीये तिकडे, कारण ते इकडे आणलं.

थोडक्यात तुमच्या तीन गोष्टींचं सांगते. भोपळ्यात तिन्ही जनावरांचा प्रश्न पूर्ण, शब्द न बदलता, तिसऱ्याला मुलांना बोलू द्या. झुरळमावशीला झुरळच ठेवा आणि तिचा खरा प्रश्न परत द्या, मुलं कोण आहेत ते बघून. लांडग्याचे दात लढाईच्या आधी काढा. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तुम्ही "तात्पर्य" लिहिलंय ते खोडा. माझ्या पहिल्या पुस्तकात छापताना मला न विचारता प्रत्येक गोष्टीखाली एकेक तात्पर्य घातलं गेलं होतं, पोपटाच्या गोष्टीखालीसुद्धा, आणि मला अजून ते पुस्तक उघडलं की वाईट वाटतं, कारण मुलं हसत असतानाच खालची ओळ त्यांना गप्प करते.

इंग्रजीवरून करत असाल तर निदान त्या पुन्हा येणाऱ्या ओळींचा फारसी उच्चार कोणाकडून तरी ऐकून घ्या, अर्थ नाही कळला तरी चालेल, ठेका पकडायचाय. भोपळ्याची गोष्ट आधी घ्या, भाचीला मराठी पाठ असेल तर उत्तमच, तिला सांगा की ही इराणची म्हातारी आहे आणि सिंह इथे भोपळ्याला प्रश्न विचारतो. मग तिसऱ्या जनावराला ती काय ओरडली ते मला इथेच कळवा, त्यावरून पुढची कोणती द्यायची ते सांगते.